नकाराची किंमत कोण भरतो?

मुलुंड आणि घाटकोपर या उपनगरांत कच्छी समाजाची मोठी वस्ती आहे. लोहाणा, भानुशाली यांसारख्या समाजांत आणि सिंधी कुटुंबांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आढळते. देशात सरासरी १०० माणसांमागे तीन-चार वाहक धरले जातात. काही समाजांत ही संख्या त्याच्या कित्येक पट आहे. त्यामुळे समाजाच्या वाडीत, महाविद्यालयात लग्नाच्या वयाच्या मुलामुलींसाठी रक्ततपासणीची शिबिरे भरतात. तिकडे बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचे थॅलेसेमिया उपचार आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. एका ठिकाणी हा आजार असलेले मूल जन्माला येऊ नये म्हणून खटपट चालते, दुसऱ्या ठिकाणी जन्मलेले मूल जगावे म्हणून. या दोन खटपटी एकमेकींना पूरक आहेत, की पहिलीत सुप्रजननवादाचा जुना, बदनाम विचार नव्या कपड्यांत आला आहे? माणसांची पैदास ‘सुधारण्याचा’ तो विचार जर्मनीत गॅसच्या कोठड्यांपर्यंत पोहोचला होता, आणि मराठी मुलखातही त्याचे पाऊल पडले होते. पुढच्या संवादातले डॉक्टर आणि वकीलबाई कल्पित आहेत. त्यांनी दिलेले दाखले मात्र घडलेले आहेत. माझा निवाडा मी शेवटी देतो.

डॉक्टर : वकीलबाई, थॅलेसेमियाच्या तपासणीला कोणी सुप्रजननवाद म्हटले की मला राग येतो. आधी आजार काय आहे ते पाहा. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांनाही थॅलेसेमिया मायनर असेल, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, होण्याची शक्यता २५ टक्के. मायनर असलेला माणूस धडधाकट असतो, म्हणून तर त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. मेजर मुलाला मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. त्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठत जाते. ते काढायला रोजची औषधे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण एका सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एकच. हे सगळे टाळायला काय लागते? लग्नाआधी रक्ताची एक तपासणी. हिमोग्लोबिन ए-टूचे प्रमाण पाहिले की वाहक कळतो. दोघे वाहक निघाले आणि तरी लग्न झाले, तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या पेशी तपासून गर्भाचे निदान करता येते. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय संस्थेत हे काम कित्येक वर्षे चालू आहे. यात कोणाला कमी लेखले, कोणाला मारले?

वकीलबाई : कोणाला मारले असे मी म्हणतच नाही. पण तुमचा राग ज्या समजुतीतून येतो ती तपासून पाहा. सुप्रजननवाद म्हणजे क्रूर माणसांचे कारस्थान, अशी ती समजूत आहे. इतिहास तसे सांगत नाही. डार्विनचे आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८३ साली या विचाराला नाव दिले, आणि पुढची ५० वर्षे शहाणी, सुशिक्षित, दुःख कमी करू पाहणारी माणसे त्यामागे उभी राहिली. १९२७ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठी कैसर विल्हेल्म संस्था उघडली. आणि त्याच वर्षी मुंबईत ना. सी. फडक्यांचे भारतातल्या लैंगिक प्रश्नावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, अशी मागणी त्याच्या उपशीर्षकातच होती, आणि प्रस्तावना होती अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची. आपले लाडके कादंबरीकार फडके तेव्हा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. प्राचीन आर्यांच्या विवाहनियमांत सुप्रजननाचे तत्त्व होते, असे त्यांचे प्रतिपादन. तेव्हा ‘आमचा हेतू चांगला आहे’ हे उत्तर पुरत नाही. तो त्यांचाही होता.

डॉक्टर : हेतू चांगला होता, पण विज्ञान खोटे होते. गरिबी, वेडसरपणा, दारूचे व्यसन हे सगळे एकेका जनुकाने येते, असे ते मानत. आम्ही मोजता येणाऱ्या एका जनुकातल्या एका दोषाबद्दल बोलतो. खऱ्या विज्ञानाने त्या खोट्या विज्ञानाला कसे उघडे पाडले, याचा सगळ्यात देखणा दाखला तुमच्या-आमच्या पुण्यातलाच आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याच बर्लिनच्या संस्थेत संचालक ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा वेगळ्या प्रमाणात असते आणि त्यातून त्याची श्रेष्ठ बुद्धी दिसते, असा फिशर यांचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या असमानतेशी संबंध नाही, असा निष्कर्ष मांडला. गुरूच्या तोंडावर, त्याच्याच संस्थेत. विज्ञान प्रामाणिक असले की सुप्रजननवाद आपोआप कोसळतो.

वकीलबाई : इरावतीबाईंचे धैर्य मोठे, यात वाद नाही. पण आपोआप काय कोसळले, डॉक्टर? प्रबंध छापून झाला आणि संस्था तशीच चालू राहिली. जुलै १९३३मध्ये हिटलरच्या सरकारने वंशरोग्यांच्या नसबंदीचा कायदा केला. त्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. त्या संस्थेचे पुढचे संचालक फॉन फेर्शुअर हे तर आउशविट्झमधल्या कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या योझेफ मेंगेलेचे गुरू. खरे मोजमाप त्यांच्या कपाटात होतेच. आता कॅरी बककडे या. तिला मतिमंद ठरवले होते आणि ती तशी नव्हती. बलात्कारातून झालेले मूल लपवायला तिला संस्थेत टाकले होते. तिची लेक शाळेत गुणवंतांच्या यादीत होती. तुम्ही म्हणाल, पाहा, निदान चुकले. पण निदान बरोबर असते, ती खरोखरच मतिमंद असती, तर तिचे पोट फाडायला न्यायालय मोकळे होते का? विज्ञान खोटे होते एवढाच सुप्रजननवादाचा गुन्हा मानला, तर विज्ञान खरे ठरले त्या दिवशी तो निर्दोष सुटतो. त्या उत्तराची मला भीती वाटते.

डॉक्टर : मग गुन्हा कशात आहे? सक्तीत, बरोबर? तसे असेल तर आपले भांडणच मिटले. आमच्याकडे सक्ती नाही. रक्त देण्यापूर्वी संमती, गर्भाची तपासणी करण्यापूर्वी लेखी संमती, पुढचा निर्णय आईवडिलांचा.

वकीलबाई : सक्ती हा गुन्ह्याचा मोठा भाग आहे, आणि आपल्या राज्याला त्याची चांगली ओळख आहे. आणीबाणीत, १९७६ सालच्या पावसाळ्यात, महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही. पण कायद्याची वाट कोण पाहतो? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राने दिलेले लक्ष्य ओलांडून आठ लाखांच्या वर मजल मारली. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक यांना ‘केस’ आणायच्या होत्या. त्यासाठी पगार आणि बढत्या अडवल्या जात होत्या. यात आनुवंशिकतेचा एकही सिद्धांत नव्हता, खोटा नाही की खरा नाही.

डॉक्टर : थांबा. ती लोकसंख्या नियंत्रणाची मोहीम होती. प्रजेची संख्या कमी करणे आणि प्रजेची ‘प्रत’ सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे एका टोपलीत टाकू नका.

वकीलबाई : हेतू वेगळे, हे मान्य. पण रचना पाहा. दोन्हींत कोणीतरी वर बसून ठरवते की अमक्यांची मुले समाजावर भार आहेत. दोन्हींत तो भार उतरवायला निवडली जातात ती ज्यांचा नकार स्वस्त आहे अशी माणसे. आणीबाणीच्या कितीतरी आधी, साठच्या दशकात, मुंबई महापालिकेचे कुटुंबनियोजन प्रमुख डॉ. डी. एन. पै यांनी रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रे उघडली होती. नसबंदी करून घेणाऱ्याला रोख पैसे, त्याला घेऊन येणाऱ्यालाही पैसे. कायद्याने पाहिले तर कोणावर सक्ती नव्हती. पण फलाटावरून उतरून त्या टेबलाशी कोण जाणार होता? पहिल्या वर्गातून उतरलेला तर नक्कीच नव्हे. ज्याला त्या दिवशी त्या पैशांची गरज होती, त्याची ‘संमती’ आणि पहिल्या वर्गातल्या माणसाचा नकार या एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी नाहीत. म्हणून मी सक्ती झाली का, एवढेच विचारत नाही. नकार दिला असता तर त्याची किंमत काय पडली असती आणि ती कोणी भरली असती, हे विचारते.

डॉक्टर : हा निकष फार ताणता येतो. नकाराची काही ना काही किंमत प्रत्येक वेळी असतेच. पोलिओचा डोस नाकारणाऱ्या आईलाही शेजारणी बोलतात. मग काय, सगळे सार्वजनिक आरोग्य संशयास्पद?

वकीलबाई : नाही. शेजारणीची बोलणी आणि पगार थांबणे यांत फरक करता येतो, आणि करायलाच हवा. पण निकष ताणला जातो म्हणून सोडून दिला, तर दोन गोष्टी तुमच्या हातून निसटतील. पहिली, शिरूरची. फेब्रुवारी १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. दहाहून अधिक मुलींवर ही शस्त्रक्रिया झाली. गदारोळ झाल्यावर पुढच्या थांबवल्या गेल्या. कारण काय दिले? पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, आणि अत्याचार झाला तर गर्भ राहील. यात सामील असलेल्यांपैकी कोणी हिटलरचा भक्त नव्हता. अनेकांना मनापासून वाटत होते की आपण मुलींचे हित करतो आहोत. पण पाहा, प्रश्न होता सेविकांचा, पॅडचा, आणि मुलींना पुरुषांपासून सुरक्षित ठेवण्याचा. हे तिन्ही प्रश्न सरकारचे होते. उत्तर मात्र मुलींच्या शरीरातून काढून घेतले. गर्भाशय काढले म्हणून अत्याचार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.

डॉक्टर : शिरूरचे समर्थन मी करणार नाही. आज तसे कायद्यानेही करता येत नाही.

वकीलबाई : बरोबर, आणि कायदा कसा बदलला हेही महत्त्वाचे आहे. २००९ साली चंडीगडच्या एका शासकीय संस्थेत बलात्कार झालेली, बौद्धिक अक्षमता असलेली एक मुलगी गरोदर होती. उच्च न्यायालयाने तिचा गर्भपात करायला सांगितले. तिला मूल हवे होते. सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिची संमती निर्णायक मानली, आणि निकालपत्रात सुप्रजननवादाचे नाव घेऊन तो लोकशाहीविरोधी आणि समानतेच्या हक्काचा भंग करणारा ठरवला. मग २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, संमतीशिवाय कोणाही दिव्यांग व्यक्तीला वंध्यत्व येईल असे उपचार करता येणार नाहीत, असे कलम आले. आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या ‘निर्णय आईवडिलांचा’ या उत्तराला थेट भिडते. १९८०च्या दशकात मुंबईत गर्भजलपरीक्षा फोफावली. मुळात ती होती जन्मजात दोष शोधायला. बघता बघता ती मुलगी शोधायचे साधन झाली. आत्ता ५०० रुपये खर्च करा, पुढे हुंड्याचे पाच लाख वाचतील, अशा जाहिराती तेव्हा झळकल्या. कोणत्या सरकारने सक्ती केली? कोणीच नाही. प्रत्येक जोडप्याचा ‘खासगी’ निर्णय. मुंबईतल्या कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून सांताक्रूझच्या ‘सेहत’ संस्थेला पुण्याच्या ‘मासूम’बरोबर सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. लाखो खासगी निर्णयांची बेरीज एखाद्या हुकूमनाम्यासारखी दिसते, कारण प्रत्येक घरात नकाराची किंमत सारखीच होती आणि ती एकटी सून भरत होती.

डॉक्टर : हे जोरदार आहे, पण इथेच मी तुम्हाला अडवतो. मुलगी असणे हा आजार नाही. थॅलेसेमिया मेजर हा आजार आहे, वेदना आहे, लवकर येणारा मृत्यू आहे. दोन्ही निवडींना एकच नाव दिलेत, तर मुलगी आणि आजार यांना तुम्हीच एका पंगतीला बसवता. शिवाय तुमचा युक्तिवाद पुढे नेला तर बाईचा गर्भपाताचा हक्कच जातो. २००८ साली भाईंदरचे एक दांपत्य डॉ. निखिल दातार यांच्याबरोबर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष होता, पण कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या बाईला तुम्ही काय सांगितले असते? तिच्यासारख्या बायकांमुळे २०२१ साली कायदा बदलला. गंभीर दोष असेल आणि वैद्यकीय मंडळाने मान्यता दिली, तर आता आठवड्यांची मर्यादा नाही. हा बदल तुम्हाला नको आहे का?

वकीलबाई : हवा आहे. आणि मुलगी व आजार यांतला तुमचा फरकही मला मान्य आहे. त्या बाईला मी काहीच सांगितले नसते. तिचे ऐकले असते. मूल वाढवणार ती, पोटात वाढवणारही तीच. तिच्या निर्णयाला सुप्रजननवाद म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. या बाबतीत आपल्याकडे एक चांगली परंपरा आहे. फडक्यांच्या पुस्तकाच्याच वर्षी र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. इरावतीबाईंचे हे थोरले दीर. १९२१पासून ते मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवत होते आणि या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावून बसले होते. बाईने किती मुले व्हावीत हे स्वतः ठरवावे आणि शरीरसुखाची तिला लाज वाटू नये, हा त्यांचा आग्रह. अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तेव्हाही बाळंतपणाचे हाल सोसणाऱ्या बाईचा विचार त्यात मध्यभागी होता. तो ठराव फेटाळला गेला. साधन तेच, पण फडक्यांच्या मांडणीत ते वंशासाठी होते आणि कर्वे-आंबेडकरांच्या मांडणीत बाईसाठी. माझा सगळा आग्रह या फरकावर आहे. २०२१च्या कायद्यातही मला खटकते ते हे की शेवटचा शब्द मंडळाचा आहे, बाईचा नाही.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आलात.

वकीलबाई : निम्मी वाट आले. आता तुम्ही थोडे पुढे या. त्याच २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांत थॅलेसेमिया आहे. म्हणजे बोरिवलीत रक्त चढवून घेणारा मुलगा कायद्याने हक्कदार नागरिक आहे. त्याच मुलाने तुमच्या शिबिराच्या फलकावर ‘थॅलेसेमियामुक्त समाज’ असे वाचले, तर त्याने काय समजायचे? फलक आजाराविषयी आहे हे मला कळते. त्याला मात्र त्यात स्वतःचा उल्लेख दिसतो. आणि शिबिरातले भाषण बहुतेक वेळा पैशावर येते: एका मुलाचा जन्मभराचा खर्च इतका, तपासणीचा खर्च इतकाच. नाझी काळातल्या एका भित्तिपत्रकावर असाच हिशेब होता, एका वंशरोग्यापायी जनतेला ६०,००० राइशमार्क खर्च येतो म्हणून.

डॉक्टर : हे मात्र लागले. पण पैशाचा विचार न करता आरोग्यव्यवस्था चालते का? रक्तपेढीत पिशव्या मोजूनच असतात. जितकी मेजर मुले जास्त, तितक्या प्रत्येकाला पिशव्या कमी. हिशेब करणारा प्रत्येक जण नाझी होत नाही.

वकीलबाई : हिशेब करा. रुग्णालयात खाटा किती, पिशव्या किती, औषध किती, हे ठरवायला हिशेब लागतोच. पण समुपदेशनाच्या खोलीत तो हिशेब घेऊन जाऊ नका. समोर बसलेल्या जोडप्याला ‘समाजाचा खर्च’ सांगितला, की त्यांच्या पोटातल्या मुलाकडे पाहण्याची नजर तुम्ही त्यांच्या हातात दिलीत. आणि एक विचारते. शिबिरात रक्त घेतल्यावर निकाल कोणाच्या हाती जातो? थेट मुलीच्या, की आयोजकांमार्फत तिच्या वडिलांच्या? मायनर निघालेल्या मुलाचे स्थळ आणि मायनर निघालेल्या मुलीचे स्थळ सारख्याच सहजतेने जुळते का? दोघेही ठणठणीत आहेत, दोघांनाही फक्त दुसरा मायनर टाळायचा आहे. बोलणी मात्र तिचीच मोडतात.

डॉक्टर : निकाल गुप्त राहिला पाहिजे, हे मान्य. सायप्रसचे उदाहरण आहे. तिथे लग्नापूर्वी तपासणी आणि समुपदेशन झाल्याचे प्रमाणपत्र चर्च मागते, पण निकाल मागत नाही. वाहक-वाहक जोडपीही बहुतेक लग्न करतातच. तरी तिथे मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. तसे इथेही सक्तीचे करावे, असे माझे मत आहे.

वकीलबाई : सायप्रस हे मुंबईच्या एखाद-दुसऱ्या उपनगराएवढ्या लोकसंख्येचे बेट आहे, आणि तिथे रुग्णांच्या उपचाराची सोय तपासणीच्या बरोबरीने उभी राहिली होती. आपण उपचाराची हमी न देता प्रमाणपत्र सक्तीचे केले, तर ते लग्नाच्या बाजारात पत्रिकेसारखे फिरेल. आणि तुम्ही तरुणांना ‘दोन मायनरनी लग्न करू नका’ असे खुशाल सांगता. मग ‘समाजाबाहेर लग्न करा’ असे का सांगत नाही? दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता काही समाजांत इतकी वाढली ती पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत लग्ने झाल्यामुळे.

डॉक्टर : बाहेर लग्न केल्याने जनुक नाहीसे होत नाही, मेजर मुले तेवढी कमी होतात. आणि जातीबाहेर लग्न करा हे सांगणे डॉक्टरचे काम नाही.

वकीलबाई : दोन माणसांनी लग्न करू नये हे सांगणे डॉक्टरचे काम आहे, पण करावे हे सांगणे नाही? आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते. जात ही सुप्रजननाची योजना आहे, असे तेव्हाचे सनातनी विद्वान सांगत. आंबेडकरांचे म्हणणे असे की जात फक्त बाहेर लग्न करायला मनाई करते. आत कोणी कोणाशी करावे याची निवड ती करतच नाही, मग वंश सुधारणार कसा? आणि एकत्र जेवल्याने रक्त बिघडते का? आज रक्ताचे अहवाल त्यांच्याच बाजूने साक्ष देत आहेत. ज्या कुंपणाला रक्त शुद्ध ठेवणारे म्हटले गेले, त्याच्या आतच हा आजार वाढला. ते कुंपण तुम्हाला पवित्र वाटते आणि गर्भ तेवढा तपासण्याजोगा वाटतो. यात विज्ञान किती आणि समाजाचा मान राखणे किती?

डॉक्टर : एक शेवटची शंका. उपचाराची हमी असेल तिथेच तपासणी करा, असे तुमच्या बोलण्यातून निघते. बोरिवली-मुलुंडला ते जमेल. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. केंद्राने २०२३ साली सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. तिथे आपले तपासणीचे कार्ड जोडीदाराच्या कार्डावर ठेवून धोका पाहता येतो. उपचार पोहोचेपर्यंत तिथली तपासणी थांबवायची? मग नुकसान गरिबाचेच.

वकीलबाई : थांबवू नका, क्रम बदला. सिकलसेलमध्ये नवजात बाळाची तपासणी केली तर संसर्ग टाळणारी औषधे आणि हायड्रॉक्सीयुरिया वेळेवर देऊन त्याचे आयुष्य वाढवता येते. म्हणजे पहिली तपासणी बाळ जगवण्यासाठी करा, आणि तीच यंत्रणा मग तरुणांना माहिती देऊ दे. ज्या आदिवासी आईने सरकारी डॉक्टरला आपले मूल वाचवताना पाहिले आहे, ती लग्नाच्या कार्डावर विश्वास ठेवेल. जिथे सरकार फक्त कार्ड घेऊन पोहोचले आणि औषध पोहोचलेच नाही, तिथे नकाराची किंमत पुन्हा तिच्याच पदरात पडणार.

इथे संवाद थांबवतो. माझ्या मते डॉक्टरांचा मूळ मुद्दा खरा आहे: थॅलेसेमियाची ऐच्छिक तपासणी म्हणजे सुप्रजननवाद नव्हे, आणि आपल्या गर्भाविषयी निर्णय घेणारी बाई कोणत्याही विचारसरणीचे प्यादे नाही. पण तपासणीला निर्दोष ठरवायला डॉक्टरांनी दिलेली तिन्ही कारणे अपुरी पडतात. हेतू चांगला असणे पुरत नाही, हे १९२७ने दाखवले. विज्ञान खरे असणे पुरत नाही, कारण आणीबाणीला विज्ञानाची गरजच लागली नाही. सक्ती नसणेही पुरत नाही, हे गर्भजलपरीक्षेने दाखवले. उरतो तो वकीलबाईंचा निकष, आणि तो सैल असल्याचा आक्षेप मला पटत नाही. शेजारणीची बोलणी आणि मोडलेले लग्न, दंड आणि अडवलेला पगार, उपचाराविना मेलेले मूल, या किमती वेगवेगळ्या मोजता येतात आणि कोण भरतो तेही सांगता येते. महाराष्ट्रात २००१नंतर तिसरे मूल झालेल्या माणसाला महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. असे नियमही याच मोजपट्टीने तपासता येतात.

या निकषातून उपनगरांपुरता माझा निवाडा असा. तपासणीचा निकाल प्रौढ मुलामुलींच्या स्वतःच्या हाती बंद पाकिटात पडला पाहिजे. आयोजक, आईवडील किंवा वधूवर मंडळ यांपैकी कोणालाही तो मागता येऊ नये. समुपदेशकाच्या तोंडी खर्चाचा आकडा येऊ नये. गर्भ ठेवायचा ठरवणाऱ्या बाईला त्याच बैठकीत बोरिवलीच्या केंद्राची, रक्ताची आणि औषधाची सोय लेखी मिळाली पाहिजे, म्हणजे तिचा नकार आणि तिचा होकार दोन्ही सारख्याच किमतीचे राहतील. लग्नाआधीची तपासणी सक्तीची करण्याला माझा विरोध आहे. जे समाज तपासणीची शिबिरे भरवतात त्यांनी त्याच मांडवात रक्तदानाचे टेबल मांडावे आणि मेजर मुलांच्या पालकांना व्यासपीठावर बोलवावे. त्यांना ‘टाळता आले असते’ असे उदाहरण म्हणून नव्हे, तर सभासद म्हणून. सुप्रजननवादापासून आपण किती दूर आलो आहोत याची परीक्षा प्रयोगशाळेत होत नाही. ज्या मुलाला टाळण्याची सोय आपण करून देतो, तेच मूल जन्माला आले तर त्याच्यासाठी काय करतो, यावर ती होते. महापालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पात बोरिवलीच्या केंद्राला किती तरतूद मिळते, हे मुलुंड-घाटकोपरच्या प्रत्येक मतदाराने आपल्या नगरसेवकाला विचारावे.